दाणी सरांनी पुसलेली नावं

दाणी सर कायम थकलेले असायचे. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं आणि पहिल्या दिवसापासून ते मला थकलेलेच दिसले. सकाळी साडेदहाला खुर्चीत बसताना असा श्वास सोडायचे, की नवीन माणसाला वाटावं हे कुठून तरी लांबून चालत आलेत. प्रत्यक्षात त्यांचं सरकारी क्वार्टर दहा मिनिटांवर होतं. पण एकदा बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नसत. चहासुद्धा तिथंच, कीबोर्डापासून हातभर लांब ठेवून.

आमचं ऑफिस जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. जवाहर चौकापासून जवळ, एका जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर. पुढे खिडकी, खिडकीपुढे लोकांची रांग, मागे आमची संगणकाची खोली. माझे यजमान कारखान्यात, आम्ही राहायला अयोध्या नगरात, आणि मी या ऑफिसात कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर. सांगलीहून लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा वाटलं होतं, ऑफिसात मराठी बोलायला कोणी मिळणार नाही. पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावरून सरांचा आवाज आला, "कोठल्या तुम्ही? सांगलीच्या? बापरे, लय लांब आल्या."

सरांचे वडील नागपूरचे. मध्य प्रदेशाची राजधानी तिथून भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर तेही इकडे आले. सरांचा जन्म इथलाच. त्यामुळे त्यांची मराठी निम्मी नागपूरची आणि निम्मी हिंदी. "काय करून राहिली?" असं ते मला विचारायचे आणि माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत "ठीक है, ठीक है" म्हणायचे. महिनाभरातच त्यांनी मला अगं-तुगं सुरू केलं. मला बरं वाटलं.

सगळ्या शहराच्या जुन्या नोंदी आमच्याकडे साध्या मजकुराच्या फायलींमध्ये होत्या. एका वॉर्डाची एका वर्षाची एक फाइल. एका ओळीत एक माणूस: नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, जागा, मध्ये उभ्या रेघा. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी रजिस्टरं बघून हे टाइप केलेलं. एकाच नावाची पाच रूपं. कोणी वडिलांचं नाव आधी लिहिलेलं, कोणी आईचं नाव गाळलेलं. अशा लाखो ओळींमधून हवी ती ओळ शोधायची आणि लागली तर दुरुस्त करायची, हे सरांचं काम. त्यासाठी ते पर्ल नावाची एक जुनी संगणकाची भाषा वापरायचे. कुठल्या तरी सरकारी प्रशिक्षणात तरुणपणी शिकले होते. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे ते विसरून साहेब झाले. सरांना ते येत राहिलं, म्हणून ते तिथंच राहिले.

त्यांची पद्धत अशी. आधी वापरलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं चार ओळी लिहायच्या. मग दोन बोटांनी टाइप करायच्या. मग सापडलेल्या ओळींतली नावं हळू आवाजात वाचायची. मनातल्या मनात त्यांना वाचताच येत नसे. दुपारच्या शांततेत त्यांचा पुटपुटण्याचा आवाज चालू असायचा: कल्लूराम, कलुराम, काळूराम, कलूआ.

मला त्यांनी शिकवलं तेही असंच, कंटाळल्यासारखं, पण एकही पायरी न गाळता.

"हे पाह्य. शोधायचं असलं तं इथं एम लिहायचा. बदलायचं असलं तं एस. एका अक्षराचा फरक आहे. म्हणून पहिले नेहमी एम. नुसतं शोध, नुसतं पाह्य. हात लावू नको."

"आणि मग?"

"मग सगळ्या ओळी वाच. मग चहा पी. मग पुन्हा वाच. मग एस."

बदलताना जुनी फाइल आपोआप शेजारी जपून ठेवायचीही एक सोय होती. हुकमात एक टिंब आणि तीन अक्षरं जास्त लिहायची. "हे टिंब म्हणजे आपली लाज," ते म्हणायचे. "हे विसरली तं मागे जायचा रस्ता नाही."

रस्त्यावरही त्यांचा हा स्वभाव सुटत नसे. एकदा ऑफिसच्या कामासाठी स्टेशनरी घ्यायला आम्ही जवाहर चौकात गेलो. सर दुकानांच्या पाट्या वाचत चालत होते. 'इलेक्ट्रिकल्स' हा शब्द त्यांना चार दुकानांवर चार तऱ्हांनी सापडला. प्रत्येक पाटीपुढे थांबून ते मान हलवत होते. मी हसले, तर म्हणाले, "हसू नको. याचा पोरगा उद्या आपल्याकडे येईल. याच स्पेलिंगात बापाचं नाव सांगेल आणि आपण म्हणू, सापडत नाही."

सापडत नाही, हे शब्द त्यांना चालत नसत. शिलाई मशिनी दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, शकील भाई. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा होता. तीनदा येऊन गेले, तिन्ही वेळा खिडकीवर "रिकॉर्ड नहीं है" ऐकून परतले. चौथ्यांदा सरांनी त्यांना आत बोलावून स्टुलावर बसवलं. नाव विचारलंच नाही.

"आप पैदा हुए तब नाम लिखवाने कौन गया था?"

शकील भाईंनी खूप आठवलं. "अब्बा तो बाहर थे। मामू गए होंगे।"

"मामू का नाम?"

नाव ऐकून सरांनी कागद उलटा केला, पेन्सिल घेतली. वॉर्ड, साल, आईच्या नावाची जमतील तेवढी रूपं, आणि वडिलांच्या रकान्यात मामाचं नाव. दहा मिनिटांनी पडद्यावर एकच ओळ आली. कोणा कारकुनानं समोर उभ्या माणसालाच बाप समजून नोंद केली होती. शकील भाई पडद्याजवळ वाकून ती ओळ बघत राहिले. त्यांना हिंदी वाचायला वेळ लागत होता. मग म्हणाले, "मामू ने कभी बताया नहीं कि मैं उनका बेटा हूँ।" आम्ही सगळे हसलो. सरही.

पण जेव्हा ते म्हणाले, "तो अब्बा का नाम डाल दीजिए," तेव्हा सरांनी हात कीबोर्डावरून काढून घेतले. "ढूँढना मेरा काम है। बदलने के लिए कागज़ लाइए, साहब के दस्तखत लाइए।" साठ-पासष्ट वर्षांची चूक डोळ्यांसमोर, एक ओळ बदलायचा अवकाश, तरी त्यांनी बदलली नाही. शकील भाईंना आणखी दोन चकरा पडल्या. मला राग आला होता. मी तसं म्हटलंही.

"मनीषा," ते म्हणाले, "मी एकदा असाच बदलाले लागलो ना, तं मग मला कोण थांबवेल?"

नंतरच्या वर्षांत त्यांच्या थकव्याला कारण मिळालं. त्यांच्या पत्नी, सुधाताई, यांचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. सर सकाळी बायकोला दवाखान्यात पोचवून ऑफिसला यायचे, दुपारी घ्यायला जायचे, परत यायचे. त्याच सुमारास वरून फर्मान आलं, की सगळ्या नोंदी नवीन पोर्टलवर जाणार. पोर्टलवाल्या कंपनीची दोन तरुण मुलं पाहणी करायला आली. सरांच्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बघून एक जण म्हणाला, "सर, ये तो म्यूज़ियम में रखने लायक है।"

"रख दो," सर म्हणाले. "मैं भी अगले साल खाली हूँ।" पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

पोर्टलच्या नियमांत एक नियम असा होता, की 'बेबी ऑफ अमुक' हे नाव चालणार नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचं नाव ठेवलेलं नसतं, म्हणून रजिस्टरात आईच्या नावानं तसं लिहितात. अशा जागी नावाचा रकाना रिकामा करायचा, घरचे लोक नंतर नाव भरतील, असं ठरलं. काम सोपं होतं. अडचण एवढीच, की टाइप करणाऱ्यांनी हेही दहा तऱ्हांनी लिहिलं होतं. बेबी ऑफ, बेबी आफ, बेबी औफ, आणि कंटाळा आलेल्यांनी नुसतंच बेबी सुनीता, बेबी कमला.

त्या दिवशी डायलिसिस होतं. सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्यातून फोन आला, की सुधाताईंचं बीपी खूप खाली गेलंय. सर एका हातात फोन धरून टाइप करत होते. मी शेजारीच होते. त्यांनी एक ओळ लिहिली, बटण दाबलं, संगणक दोन मिनिटं चालला, आणि ते पिशवी उचलून निघून गेले. सुधाताई त्या दिवशी सावरल्या. फायली पोर्टलसाठी तयार झाल्या असं आम्ही साहेबांना कळवलं. ही गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

चार-पाच महिन्यांनी खिडकीवर एक बाई आली. तिशीतली, करोंदच्या मंडीत धान्य चाळायचं काम करणारी. ओढणीला अजून भुसा चिकटलेला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती आणि जन्माचा दाखला द्यायचा होता. जुना दाखला घर गळून भिजला होता, त्याची नक्कल हवी होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "नाम दर्ज नहीं है। शपथपत्र बनवा के लाओ।"

"नाम कैसे नहीं है? पहले तो था।"

"देख लो, खाली है।"

"भैया, उसी नाम से तो पूरी पढ़ाई की है।"

सर आतून उठले. एरवी ते खिडकीपाशी जात नसत. "क्या नाम है आपका?"

"बेबी।"

"बेबी क्या?"

"बस बेबी। बेबी अहिरवार।"

मला अजून कळलं नव्हतं. सरांना कळलं. त्यांनी खिडकीची चौकट धरली. मग त्या बाईला म्हणाले, "आप बैठिए।" आणि परत येऊन बसले.

त्यांनी शोध घेतला तेव्हा ते नावं वाचत नव्हते, कारण वाचायला नावंच नव्हती. रिकाम्या रकान्यांची ओळ, खाली आणखी एक, खाली आणखी एक. त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं: नाव 'बेबी'नं सुरू होत असेल तर पुसून टाक. आणि या शहरात, आसपासच्या गावांत, कितीतरी मुलींचं नावच बेबी आहे. लाडानं नव्हे, शाळेत, रेशन कार्डावर, सगळीकडे. त्या सगळ्या पुसल्या गेल्या होत्या. ज्यांचं नाव कधी ठेवलंच नव्हतं त्यांच्यात त्या मिसळून गेल्या होत्या, आणि फाइल बघून कोण कुठली हे सांगता येत नव्हतं.

"जुनी प्रत असेल ना, सर?" मी विचारलं.

त्यांनी त्या दिवशीचा हुकूम शोधून काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. ते टिंब आणि ती तीन अक्षरं तिथं नव्हती. दर शुक्रवारी निघणारी बॅकअपची प्रत दर वेळी आधीच्या प्रतीवर लिहिली जायची. त्याआधीच्या प्रती ज्या डिस्कवर होत्या, ती वर्षापूर्वीच बंद पडली होती.

"मी वाचलं पण नाही," ते म्हणाले. "मनीषा, मी एकदा पण वाचलं नाही."

त्या बाईच्या हातात भिजलेल्या दाखल्याचा एक तुकडा होता. तेवढ्यावरून तिचं रजिस्टर काढून साहेबांच्या सहीनं तिचं नाव चार दिवसांत परत लागलं. तिला नोकरी मिळाली. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी सरांना तसं सुचवलंही, खोटं कशाला बोलू. निवृत्तीला सात महिने राहिले होते.

ते आमच्या अधिकाऱ्यांकडे, चौबे साहेबांकडे गेले. मी फाइल घेऊन बरोबर होते. चौबे साहेबांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"दाणी जी, यह बात किसको पता है?"

"मुझे।"

"मतलब, और किसी ने शिकायत की?"

"अभी नहीं।"

"तो जो आएगी, उसका ठीक कर देंगे। बाकी पोर्टल पे चला जाएगा। आप क्यों अपना आखिरी साल खराब करते हैं? घर में तबियत भी ठीक नहीं है।"

चौबे साहेब मनापासून बोलत होते. सरांची मान खाली होती. मला वाटलं, मान्य करतील. पण त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर चूक कोणती, कधी झाली, कोणी केली हे तीन ओळींत लिहिलं होतं. शेवटी विनंती: मूळ रजिस्टरांवरून नावं पुन्हा भरण्याची परवानगी मिळावी.

परवानगी मिळाली. तिच्याबरोबर कारणे दाखवा नोटीसही मिळाली. सरांनी तिचं उत्तर त्याच तीन ओळी लिहून दिलं.

मूळ रजिस्टरं करोंदच्या बाजूला एका गोदामात होती. मंडीच्या जवळच, त्यामुळे बाहेर दिवसभर ट्रक, हमालांची आरडाओरड, आणि आत गव्हाची धूळ. ती धूळ पानापानांत बसलेली. सर डायलिसिसचे दिवस सोडून रोज दुपारी तिथं जायचे. आठवड्यातून दोनदा मीही जायची. पर्लचा उपयोग एवढाच, की रिकाम्या नावांची यादी निघाली. पुढचं काम हातानं. यादीतली एक तारीख घ्यायची, रजिस्टर काढायचं, पान शोधायचं, बघायचं. बहुतेक ठिकाणी 'बेबी ऑफ' असायचं. मग ती ओळ यादीतून खोडायची. पन्नास-साठ ओळींनंतर कधी तरी नावाच्या रकान्यात, वेगळ्या शाईत, कोणा बापानं किंवा आजोबानं लिहवून घेतलेलं दिसायचं: बेबी. सर ते मोठ्यानं म्हणायचे आणि मी लिहून घ्यायची. बेबी विश्वकर्मा. बेबी परवीन. बेबी कुशवाह. सर तेव्हा चष्मा काढून डोळे पुसायचे. धुळीमुळे पुसावेच लागायचे.

दोन महिन्यांनी माझा धीर सुटला. धुळीनं खोकला लागला होता, घरी मुलीची परीक्षा होती. "मम्मी, तू फिर से गोदाम जा रही है?" असं ती चिडून विचारायची. मी सरांना म्हटलं, "यातल्या निम्म्या जणी आपल्याकडे कधी येणारही नाहीत."

"नसतील येत," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. तू घरी जा, खोकला वाढून राहिला तुझा." आणि पुढचं रजिस्टर ओढलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. दमलेला माणूस जसा बोलतो तसे बोलले. दुसऱ्या दिवशी नाकाला ओढणी बांधून मी परत गेले.

निवृत्तीच्या दिवशी हार, शाल, समोसे झाले. चौबे साहेब दोन शब्द चांगले बोलले. सरांना बोलायला सांगितलं, तर म्हणाले, "बहुत काम बाकी रह गया," आणि बसले. लोकांना तो विनय वाटला. खरं तर अकरा रजिस्टरं बाकी होती. त्यांनी यादी माझ्या हातात दिली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं कुठवर झालं ते. "जमलं तं कर," एवढंच म्हणाले.

मी नऊ केली. उरलेल्या दोनांना वाळवी लागली होती. पानं उचलली की हातात भुगा यायचा. त्या दोन रजिस्टरांतल्या बेबी कोण होत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी मला खिडकीवर बसवलं होतं, माणसं कमी म्हणून. एका सकाळी रांगेत चौथ्या जागी दाणी सर दिसले. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. मी उठून उभी राहिले.

"सर, आत या ना."

"राहू दे. तीनच माणसं आहेत."

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी फॉर्म पुढे केला. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म होता. सुधाताईंना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. एकही रकाना रिकामा नव्हता. दवाखान्याचा कागद, आधारची प्रत, सगळं क्रमानं टाचलेलं.

"सर, मला कळवलं असतं तर..."

"अचानक नाही झालं," ते म्हणाले. "खूप दिवसांपासून चाललं होतं ना." मग विचारलं, "रजिस्टरांचं काय झालं?"

मी सांगितलं. नऊ झाली, दोन वाळवीनं गेली.

त्यांनी मान हलवली. मागे रांग वाढत होती. कोणी तरी "भैया, जल्दी" म्हणालं, तसे ते पटकन बाजूला झाले. मी दाखला छापला, साहेबांकडून सही आणली, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पिशवीत सरळ ठेवला, चुरगळू नये म्हणून पिशवी छातीशी धरली आणि बाहेर गेले.

आमच्या दारातून समोरचा बसथांबा दिसतो. ते बाकावर बसले. एक बस आली, ते उठले नाहीत. गर्दी असेल म्हणून. दुसरी जवळजवळ रिकामी होती, तरी ते उठले नाहीत. तिसरी आली तेव्हा माझ्या खिडकीशी एक बाई बाळाच्या नावाचा अर्ज घेऊन उभी होती. तिला काय काय लागेल ते दोनदा समजावून सांगितलं. मान वर केली, तर बाक रिकामा होता.